दुभाष्याचं बिल

दिल्लीचे साहेब संकेश्वरच्या मिरची बाजारात
पहिल्या दहा मिनिटांतच शिंकून बेजार.
नाकाला रुमाल लावूनच विचारलं,
आठही पेढ्यांचा भाव सोमवारी एकच कसा?

रुद्राप्पा म्हणाले, गोत्तिल्ला री.
मी सांगितलं, माहीत नाही.
बाळगोंडा मगदूम मराठीत बोलले, देवाची करणी.
तेही मी जसंच्या तसं पुढं दिलं.

स्पर्धा आयोगाची माणसं, म्हटल्यावर
एक हमाल पोतं टेकवून जवळ आला :
कसली, गाड्यांची काय? औंदा कुठं हाय?

कागद मागितला. कागद नव्हताच.
सौदा टॉवेलाखाली झालेला,
बोटांनी बोटं दाबून.
तो टॉवेल खुंटीवर वाळत होता,
साहेबांनी त्याचाही फोटो काढला.

परतताना गाडीत म्हणाले,
कलम वाचायला किती सोपं आहे.
मी मान हलवली.
तिचं भाषांतर करावं लागत नाही.

बेळगावात उतरल्यावर बिल दिलं,
पानाला तीनशे वीस.
कोर्टासमोर आम्ही तिघंच दुभाषे;
गेल्या दिवाळीत, चहा गार होईपर्यंत बसून
हाच आकडा ठरवलेला.

साहेबांनी सही केली
आणि पुन्हा एकदा शिंकले.