कोणाकडून

तीन महिन्यांचे एकदम आले.
शेजारच्या प्राचीनं मेसेज वाचला, म्हणते,
मावशी, साडेचार हजार.
मी म्हटलं, पुन्हा वाच.
तिनं पुन्हा वाचला. तेवढेच निघाले.

गोळीबार चौकात झेरॉक्सच्या दुकानात
पैसे काढायची मशीन आहे, तळहाताएवढी.
पोट्टा म्हणते, अंगठा ठेवा.
ठेवला. नाही घेत.
पुसून ठेवा.
पुसला पदरानं, मग त्याच्या रुमालानं.
नाही घेत.
आता त्याले काय सांगू,
एकतीस वर्षं कांड्या भरल्या या बोटांनी.
सूत जाऊन जाऊन रेषा गेल्या,
असतील कोणाच्या तरी लुगड्यात,
कोणाच्या ट्रंकेत, डांबरगोळ्यांसंगं.
शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट चाललं.
मागून कोणी म्हटलं,
त्या निराधारवाल्या बाईचं झालं का?

झालं.

नोटा पिशवीत नाही टाकल्या,
हातात धरूनच चालली मी तांडापेठेपर्यंत.
लोकांनी पाहावं म्हणून नाही.
पाहावं म्हणूनच.

हेडाऊच्या किराण्यात वही उघडली.
माझं पान तेलाच्या बोटांनी पारदर्शक झालेलं,
मागच्या घरची उधारीही दिसते त्यातून.
दोन हजार सातशे साठ.
त्यानं रेघ मारली, तिरपी,
मास्तर चुकलेल्या गणितावर मारतात तशी.
सिलेंडरचे आठशे पन्नास.
लाइटबिल तीनशे चाळीस,
एक बल्ब, अन् एक पंखा
जो गरम हवा या भिंतीकडून त्या भिंतीकडे नेऊन ठेवते.

राहिले साडेपाचशे.
साडेपाचशे गंज असतात, बाप्पा,
दुकानाच्या पायरीवर असेपर्यंत.

रेशनचा तांदूळ येते, गहू येते,
डाळ कोणी देत नाही.
तूर अर्धा किलो.
काट्याकडे नाही पाहिलं मी,
मोजणाऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.
पावभर तेल, चहापत्ती, मीठ, कपड्याची वडी.
अन् पाच रुपयांचं दगडफूल.
हेडाऊ हसला, मटण आहे वाटते आज?
मटण कुठचं.
पण आमच्यात दगडफुलाशिवाय
रश्शाले रस्सा म्हणत नाहीत,
मग तो निस्त्या बटाट्याचा असो.
हे म्हणायचे, वासानंच अर्धं पोट भरते.
उरलेल्या अर्ध्याचं कधी बोलले नाहीत.

मग इतवारीत गेली. काम काहीच नव्हतं.
भांड्याच्या दुकानातून एक डबा घेतला,
किलोभराचा, घट्ट झाकणाचा.
डाळीले उंदीर लागते म्हणून,
असं मनाले सांगितलं.
एकशे तीस. नाव टाकून फुकट.

पोट्ट्यानं सुईची मशीन सुरू केली, विचारते,
कोणाकडून?
म्हटलं, म्हणजे?
म्हणजे देऊन कोण राहिलं? मामाकडून, सासूकडून,
स्मरणार्थ असेल तर तसं सांगा.

खरंच की. घरातल्या सगळ्या भांड्यांवर लोकं आहेत.
परातीवर मोठे काका,
गंजावर वारलेली नणंद,
तांब्यावर सासऱ्याच्या भिशीचं मंडळ.
तहसीलच्या फॉर्मवर मी आहे,
पण तिथं आधी ‘कै.’ आहे, मग हे, मग मी.
वाटलं, सरकारकडून टाक म्हणावं.
पण दुकानात हा डबा
निवडला कोणी?

म्हटलं, कोणाकडून नाही. नुसतं नाव टाक. देवका.
बाई लावू पुढं?
नको. आईनं नुसतं देवका ठेवलं होतं.

सुई थरथरली, पत्रा दात खाल्ल्यासारखा करकरला.
‘का’चा काना जरा लांब गेला.
राहू दे म्हटलं.

घरी येऊन डाळ ओतली.
डबा अर्धाच भरला.
हलवला तर वाजते.
प्राचीले विचारलं, पुढचे कधी येतील गं?
म्हणते, मेसेज येईल.

रात्री झाकण दोनदा काढून लावलं.
गच्च बसते.
नाव भिंतीकडे होतं,
फिरवून दाराकडे केलं.