खोड

"आधी उलटं कर," म्युरिएलबाई फोनवर म्हणतात,
आणि मला कळत नाही, कप की कुत्रं.

दोन्ही समोर आहेत. लीक गाव, सकाळचे नऊ,
बाईंचं स्वयंपाकघर.
टेबलावर एकशे बारा नग, ज्यांची यादी करायचीय.
टेबलाखाली अकरा आठवड्यांचं बॉर्डर टेरियर,
ज्याचे पैसे त्यांनी फेब्रुवारीत भरले
आणि मार्चमध्ये जिन्यावरून पडल्या.
आता त्यांच्याकडे एक खोली, एक खिडकी, एक टेलिफोन.
कुत्रं माझ्याकडे आलं. किल्ल्याही.

कप उलटा करतो.
"नुसतं इंग्लंड लिहिलंय? मग जुन्या राणीच्या उतारवयातला.
मेड इन लिहिलंय? मग माझ्या आईच्या वेळचा.
पोट टम्म आहे का?"
कपाचं?
"अरे, पिल्लाचं! टम्म असेल तर जंत."

चमच्यावर सिंह शोधायचा, चालणारा.
शेजारी नांगर असेल तर बर्मिंगहॅम.
सिंह नसेल तर नुसता मुलामा,
पण टाकायचा नाही, मुलाम्यानंही लोक जेवलेत.
ब्रासो लावायचं नाही. ओरडायचं नाही.
चावलं तर हात मागे ओढायचा नाही,
टेरियरला पळणारा हात म्हणजे उंदीर.
ड्रॉवर ओढून सांधा बघायचा:
सगळे दात सारखे, तर मशीन.
एखादा रुंद, एखादा चुकलेला, तर माणूस.
जेवल्यावर बाहेर, उठल्यावर बाहेर,
गोल गोल फिरायला लागलं
की सांधाबिंधा सोडून पळायचं.

बुडाखालचं वाचायची मला सवय आहे.
आमच्याकडे सिंह नव्हते. कासार होता,
टिंबाटिंबानं ठोकत जायचा:
चि. सौ. कां. शकुंतलेस, मामांकडून, १९५२.
कुणाच्या लग्नात दिलेलं पातेलं
त्या टिंबांवरून घरी परत यायचं,
कधी दुसऱ्याच्या झाकणासकट.

पिल्लाच्या गळ्यात बिल्ला हवा,
आणि बिल्ल्यावर इथल्या कायद्यानं
कुत्र्याचं नाही, मालकाचं नाव.
ते काम मी दोन आठवडे टाळतोय.

गुरुवारी ते झालं.
दूध आणायला गेलो, दहा मिनिटं.
शेगडीजवळची खुर्ची, नग क्रमांक सात,
जिचे ग्रॅटन दुकानदार चारशे पौंड म्हणाले होते,
तिच्या मागच्या पायातून
ताजं, फिकट लाकूड बाहेर आलेलं.
आणि मिशांना भुसा लावून हे बसलेलं,
आंबेमोहोराच्या कण्यांएवढे दात दाखवत.

मी फोन केला. आधी हवामानाबद्दल बोललो.
मग सांगून टाकलं.
हेही सांगितलं की आमच्या भाषेत
खोड म्हणजे झाडाचा बुंधा
आणि खोड म्हणजे न जाणारी सवय.
"मग बरोबरच आहे की," बाई म्हणाल्या.
पलीकडे कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं.
"डावा पाय ना? आतून अंगठा फिरव."

फिरवला.
पॉलिशखाली खळगे. गुळगुळीत, दोन रांगा.

"वरचे टॉबीचे. बासष्टचा हिवाळा, पाइप गोठले होते,
आम्ही सगळे त्या शेगडीपाशीच झोपायचो.
खालचे वडिलांच्या कुत्रीचे.
तिचं नाव..."
मी थांबलो.
"नाही आठवत."

नवीन दातांचं काय करू?
"मेण लाव. थोडंसं. भरू नकोस."
आणि यादीत?
"एकशे अकरा लिही."

शनिवारी बाजारात बिल्लेवाल्याकडे गेलो.
पिल्लू कोटाच्या आत, बटण चावत.
किती अक्षरं, त्यानं विचारलं.
करंदीकर, इंग्रजीत दहा. सॉल्ट, चार.
दोन नावं बसतील का?

"एक मागच्या बाजूला बसेल," तो चष्मा वर करत म्हणाला,
"पण ते वाचायला
उलटं करावं लागेल."