दोनदा पाणी

नर्सने कागद दिला तेव्हा झ्देन्का हसली.
अठ्ठेचाळीस तास झाकण लावून दोनदा पाणी सोडा.
चादर वेगळी धुवा. हातमोजे घाला.
"म्हणजे मी आता घातक माल,"
असं म्हणून तिने भुवई उडवली,
म्हणजे भुवई असायची ती जागा.

रात्री दोन वाजता भिंतीपलीकडे पाणी सुटतं.
टाकी भरायला वेळ लागतो.
पुन्हा सुटतं.
मी जागाच असतो.

सकाळी सहाला माझी पाळी.
क्रान्यच्या खाली, सावा नदीकाठी,
गावाचं सगळं आमच्याकडे येतं:
कॉफी, साबण, लग्नाच्या जेवणावळी,
एकदा कुणाची तरी अंगठी.
टाकीतले जिवाणू अन्नाला नाही म्हणत नाहीत,
चरबीसुद्धा खातात, कुरकुरत.
पण हे औषध त्यांच्या दाताखाली येत नाही.
वाढत्या पेशीला अडवणं हेच ज्याचं काम,
ते इथे येऊन स्वभाव का बदलेल?
थोडं गाळाला चिकटतं.
उरलेलं पाटातून नदीकडे निघतं,
दिसायला इतकं नितळ की ओंजळ भरावी.

लॅबची नेझ्का तपकिरी बाटल्या घेऊन येते.
"लिटरमागे काही नॅनोग्रॅम," ती सांगते.
मग काळजी नाही ना?
ती बूच आवळत राहते.
"तुम्ही घोटभर प्याल. मासा त्यातच राहतो."

एप्रिलमध्ये सुलेत्स वाळूत अंडी घालतो.
लहानपणी वडिलांनी मला पालथं झोपवून दाखवली होती,
पिवळी, वाटाण्याएवढी.
एकाचे दोन, दोनाचे चार.
झ्देन्काच्या पोटातही तसंच चाललं होतं,
एकाचे दोन, दोनाचे चार,
आणि आम्ही विषाचे आभार मानले.

बाटली क्रमांक चौदा. मंगळवार, सकाळचा नमुना.
सोमवारी तिची सलाईन होती.
फॉर्मवर 'स्रोत' असा रकाना आहे.
मी लिहितो: वस्ती.
आयुष्यभर पाणी जोखलं,
घरचं पाणी असं हातात धरलं नव्हतं.

डॉक्टरांनी अर्ध्या आशेवर पाणी सोडलं होतं.
तिने नाही.

काल रात्री एकदाच आवाज आला.
दुसरा आलाच नाही.
ती पलंगाच्या कडेला बसल्या बसल्या झोपली होती,
एक चप्पल पायात.
मी तिला आडवं केलं, अनवाणी आत गेलो.
दुसऱ्या पाण्याने नदीचं काहीच वाचत नाही,
हे माझ्याइतकं गावात कुणाला ठाऊक?
तरी खटका दाबला,
आणि टाकी भरेपर्यंत
झाकणावर हात ठेवून उभा राहिलो.