दिस बुडायच्या टायमाला

साडेसहा वाजले की मी स्टुडिओचं शटर
अर्धं ओढून घेतो.
आत दिवसभराचे चेहरे, आठ-आठच्या शीटवर,
मान सरळ, हनुवटी खाली,
दोन्ही कान दिसले पाहिजेत.
कॅमेरा गळ्यात, पाण्याची बाटली पिशवीत,
आणि मी ट्रॅकवर.

पाटीवर ‘गोदाकाठ पादचारी मार्ग’ असं लिहिलंय,
पण गंगाखेडात असं कुणी बोलत नाही.
नदीला गंगा म्हणायचं आणि ह्याला ट्रॅक.
सहाशे पावलं. लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक,
जाळीत कोंडलेली गुलमोहराची रोपं,
आणि स्टीलचा कठडा,
सात वाजताही हात लावून बघा.

वैशाखात गंगा म्हणजे वाळू,
आणि वाळूत विसरून राहिलेली चार-दोन डबकी.
फोटोला डबकं पुरतं.
कठड्याच्या खालच्या नळीवर लेन्स टेकवली
की टाच बुडेल एवढ्या पाण्यात
अख्खा सूर्य मावतो.
मी त्याला सवयीनं सांगतो,
हलू नका. हसू नका.

चैत्रात तो जिनिंगच्या चिमणीमागं बुडायचा.
मग रोज बोटभर उजवीकडं सरकत
मोबाईलचा टॉवर, निंब,
आता पाण्याच्या टाकीच्या पायांत.
हे मला सगळे फोटो एका ओळीत लावल्यावर कळलं.
चाळीस वर्षं ह्याच गावात काढून
मला वाटायचं, सूर्य पश्चिमेला मावळतो.

सुंदराबाई पात्रातली टरबुजं वर आणून विकते.
तिचं मत साफ आहे :
“रोज त्योच बुडायलाय, रोज तुम्ही फोटू काढायलाव.
पळून गेला तर वळख पटवायला व्हय?”
उज्मा भावाच्या सायकलवर हाफ पायडल मारत येते,
नेमका माझ्या फ्रेममध्ये ब्रेक लावते,
स्क्रीनमध्ये डोकावून म्हणते, काका, सगळे सेमच तर आहेत.
सेमच आहेत.
घरी जाऊन मी निम्मे पुसतो.

नागोराव गेजगे काही म्हणायचे नाहीत.
पाटबंधाऱ्यात तीस वर्षं पाण्याची पातळी लिहिली,
अजूनही घाटाच्या उघड्या पायऱ्या मोजतात
आणि मगच बाकावर बसतात.
गुढीपाडव्याच्या सुमारास एकदाच विचारलं,
मला दोन सूर्य दिसायलेत,
तुम्ही कोणत्याचा काढता?
मग परभणीला जाऊन डावा डोळा करून आले.

काल आले, काळा चष्मा लावून.
सूर्य टाकीच्या पायांत शिरला, गेला.
मी लेन्सला झाकण लावलं, बॅगेची चेन ओढली,
रोज ओढतो तशीच.
त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.
उजव्या डोळ्यावर तळहात धरला.
मग डाव्यावर.
मग पुन्हा उजव्यावर.
“हे निळं,” म्हणाले, “हे कधीपासून असतंय?”

मी वळून बघितलं.
वाळू निळी, डबकी निळी,
सुंदराबाईच्या टरबुजांची रास निळी,
गिऱ्हाईकासाठी कापलेली एक फोड तेवढी लाल.
सायकलच्या रिमवर एक बारीक रेघ
फिरता फिरता थांबलेली.

“रोजच असेल,” मी म्हणालो.
पण रोज ह्या वेळेला
मी बॅगेत बघत असतो.

झाकण काढलं. उजेड कमी, शटर हळू.
कठडा अजून गरम,
त्यावरच कोपर रोवून श्वास धरला.
“काढा, मी हलत नाही,” नागोराव म्हणाले.
मी त्यांचा काढत नव्हतो.
मग काढला.

हललेत ते. एक कान तळहातामागं,
हनुवटी वर, तोंड जरा उघडं.
पाठीमागं जे आहे
त्याला आमच्या दुकानातल्या पडद्यांत रंग नाही.

उजव्या डोळ्याची तारीख पुढच्या मंगळवारची होती.
ती त्यांनी पुढं ढकलून घेतलीय.
उन्हाळा सरेपर्यंत ह्या डोळ्याला पिवळंच दिसू द्या, म्हणाले,
नवी पट्टी बसवली तरी
जुनी लगेच उपटायची नसते,
थोडे दिवस दोन्हींवर वाचून बघायचं.