सैल हात

डंडीत जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो,
म्हणून जेवणं झाल्यावर, ओटा पुसून,
मी कौन्सिलच्या टेनिस कोर्टावर जाते.
बेसलाइनच्या डाव्या कोपऱ्यात भेग आहे,
तिच्यातून एक पिवळं रानफूल वर आलंय,
त्याला पाय लागू देत नाही.
जाळीपलीकडे लोकांचे भाजीचे वाफे, त्यापुढे टे नदी.
बादलीत चाळीस चेंडू.
अकरा टणक. बाकीचे माझ्या वयाचे.

एक्कावन्नाव्या वर्षी सर्व्हिस कशाला सुधारायची,
असं नवऱ्यानं विचारलं.
त्याला म्हटलं, दर गुरुवारी मोइरा
माझी दुसरी सर्व्हिस येईपर्यंत चष्मा पुसून घेते.

इशबेल शिकवते. वय त्र्याहत्तर, दोन्ही गुडघे नवे.
पहिल्याच दिवशी माझी पकड पाहून म्हणाली,
कुणाचा गळा आवळतेयस?
झाकली मूठ सव्वा लाखाची,
हे तिला इंग्रजीत कसं सांगणार.
मग कोयता धरावा तशी रॅकेट धरायला लावली,
आणि करंगळी तर जवळजवळ सोडूनच दिली.

चेंडू उडवायचा नाही, म्हणते. ठेवायचा.
हे मात्र लगेच कळलं.
वरच्या फळीवर डबा ठेवताना
चवड्यांवर उभं राहून, बोटांच्या टोकांनी
शेवटचा हलका धक्का देतो, तसं.
डबा फळीवर राहतो.
चेंडू राहत नाही, एवढाच काय तो फरक.

मी आधी सात वेळा चेंडू आपटते.
मोजे वर ओढते. वारा बघते. पुन्हा दोनदा आपटते.
नमनाला घडाभर तेल,
आणि सर्व्हिस नेटमध्ये.

कुणाच्या तरी पोराचं वेग मोजायचं यंत्र आणलं होतं.
एकोणपन्नास मैल.
गावातल्या रस्त्यावर दंड झाला असता,
कोर्टावर कुणी मान वर करून पाहिलं नाही.
मग मी जोर लावला. दात, मान, खांदा, सगळं.
सत्तेचाळीस.

जोर काढून टाक, इशबेल म्हणाली, हात सैल सोड.

हात सैल सोड!
बावीस वर्षं एका बेकरीचे हिशेब लिहितेय मी,
पाव पौंडाचीही पावती मागते.
बाईचा हात सैल नसावा,
हे आईनं मला वेणी घालता घालता शिकवलं.
शाळेतही मी लिंबू-चमच्यात पहिली यायचे,
म्हणजे न सांडण्यात.
चेंडू फेकायची पोरं. आम्ही
गटारातून काढून द्यायचो.

काल एक सर्व्हिस जाळीवरून थेट वाफ्यात गेली.
लीकच्या रांगेतून मिस्टर लोगी उठले,
एका हातात खुरपं, तोंडात न पेटवलेला पाइप,
ऐंशीच्या घरातला माणूस.
चेंडू उचलला, पँटला पुसला,
आणि फेकला.

काही केलं नाही त्यांनी.
कोपर मागे गेलं, पुढे आलं,
आधी कंबर, मग खांदा, मग कोपर,
आणि सगळ्यात शेवटी मनगट,
जसं उशिरा आलेलं माणूस
पंगत उठता उठता येऊन सगळं वाढलेलं संपवतं.
तळवा बाहेरच्या बाजूला वळला, आणि हात
तसाच पडला खाली, कुणाचाच नसल्यासारखा.
चेंडू माझ्या डोक्यावरून जाऊन
मागच्या कुंपणात रुतला.

सॉरी, ते ओरडले. लीककडे वळले.

मी कुंपणातून चेंडू काढला.
घड्याळात साडेनऊ. नदीवर अजून उजेड.
एकदाच आपटला. वर ठेवला.
कशी बसली, ते पाहिलं नाही,
कारण तेव्हा मी पुढचा चेंडू हातात घेऊन
मुद्दाम, नीट नेम धरून,
लीकच्या रांगेच्या दिशेनं उभी होते.

मिस्टर लोगी,
आणखी एकदा.