भरतीचं भाडं

मोजणीच्या जुन्या नकाशावर तिचं नाव फक्त 'ध. शा.'
आणि शेजारी, पुसट लाल शाईत, 'तर बंद'.
बाळकुमच्या काठावर मी तिपाई रोवली
तेव्हा माझ्याकडे एवढंच होतं,
आणि जोमा मढवी, वय त्याच्या मते ऐंशी,
कार्डाच्या मते एकाहत्तर.

इथे उल्हास धड नदी नसते.
दिवसातून दोनदा खाडी तिच्या घरात शिरते,
दोनदा निघून जाते, चिखल पसरून.
समोर कशेळी, हाक ऐकू जाईल एवढी जवळ,
आणि चिखल माणसाच्या कंबरेपर्यंत.

मिठाच्या कुणा शेठनं बांधली म्हणे.
पुण्यासाठी नव्हे.
त्याचे कारकून ओहोटीत बसून वह्या भिजवायचे, म्हणून.
पुण्य नंतर चिकटलं, भिंतीला लोणा चिकटतो तसं.

भाडं रात्रीवर नव्हतं, पाण्यावर होतं.
पाण्याची वाट बघत असाल तर फुकट.
आलेली भरती सोडून झोपलात, तर एक पैसा.
भिवंडीचे विणकर सुताच्या गाठोड्यावर डोकं टेकून झोपत,
कासार बांगड्या उशाला घेत नसे, पोटाशी घेई.
एकदा एक वऱ्हाड बोटभर पाण्यासाठी चुकलं
आणि मुहूर्त ओट्यावरच लागला.
"नवरीकरून पैसा घेतला नाय," जोमा म्हणाला,
जणू कालच त्यानं हिशेब मिटवला होता.

"आणि ती चिंच कशाला?"
मी विचारलं, कारण नकाशात तिलाही एक ठिपका होता.

ज्यांना आत घेत नसत ते चिंचेखाली बसत.
त्यांच्याकडून पैसा घेत नसत, कितीही भरत्या जावोत.
याला जोमा दया म्हणाला.
मी काही बोललो नाही. यंत्राचा बुडबुडा मध्ये आणत राहिलो.

मग उधाणाची ती रात्र.
चिंचेच्या बुंध्याला पाणी लागलं,
आणि पोसूबाईनं, दिवाबत्ती बघणारी ती,
कुणाला न विचारता दाराची आगळ काढली.
रात्रभर सगळे एका छपराखाली ओले.

सकाळी आतले प्रवासी भाडं न देता उतरले.
बाटल्या जागेचं भाडं कसलं, म्हणाले.
चिंचेखालच्यांनी मात्र उंबऱ्यावर
एकेक पैसा ठेवला, ओळीनं, न बोलता.
दया पुरे झाली होती.
त्यांना भाडेकरू व्हायचं होतं.

शेठनं वहीत आतल्यांच्या नावावर 'येणे' लिहिलं,
उंबऱ्यावरचे पैसे जमेला धरले नाहीत,
परतही केले नाहीत.
पोसूबाईला काढलं.
ती पुढे कुठे गेली ते जोमाला ठाऊक नाही.
एवढा एक प्रश्न तो घाईनं ओलांडतो.

पुढचं काही विशेष नाही.
पूल झाला. वाट बघणं संपलं.
धर्मशाळा पडली नाही, रिकामी झाली;
पाडली ती नंतर, खडीसाठी.
आता बत्तीस मजले येतायत. मी त्यांचीच हद्द आखतोय.

जोत्याचे चार दगड सापडले, आणि उंबरा.
झिजलेला, पण एका कडेलाच जास्त.
मी त्यावर बसून शेऱ्याचा रकाना उघडला.
'बांधकाम : नाही.'
'वहिवाट :'
इथे पेन थांबलं.

"पानी चरतंय साहेब, उठा आता,"
जोमा म्हणाला.
बुटाखालचा चिखल हळूच सैल होत होता.
ही भरती मी सोडली.