वाचले असे समजून

एकोणीस वर्षं मी सिनेटचं इतिवृत्त लिहिते.
माझ्या वाक्यांना कर्ता नसतो.
चर्चा झाली. नोंद घेण्यात आली. समिती नेमण्यात आली.
आचवा नदीकाठच्या आमच्या सरकारी विद्यापीठात
सगळं आपोआप होतं,
रात्री शीआची फळं पडतात तसं.

गणपूर्तीला एकवीस लागतात.
त्या दिवशी वीस होते, आणि एक कोट.
उपकुलसचिव ओलारांचा, तपकिरी, खुर्चीच्या पाठीला अडकवलेला.
बाहेर छत्तीस अंश.
कोट म्हणजे हजर, असा आमच्याकडे प्रघात.
ओलारा कंपालात होते की आपल्या शेळ्यांकडे, ते कोटालाच ठाऊक.
लामुनू, लिही, कुलगुरू म्हणाले, गणपूर्ती झाली.

विषय क्रमांक सात : नर्सिंग, तिसरं वर्ष,
लहान मुलांसाठी औषधांच्या मात्रा.
शिकवणाऱ्याची जागा दोन वर्षं रिकामी,
गुणपत्रक मात्र वेळेवर.
बेचाळीसच्या बेचाळीस पास.
म्बेयाहून आलेले बहिःस्थ परीक्षक म्वाकालिंगा
दोन दिवस पाहुण्यांच्या खोलीत उत्तरपत्रिका मागत बसले.
त्यांना जेवण मिळालं, प्रवासभत्ता मिळाला,
निघताना भिंतीवरचं एक घड्याळही.
अहवालात त्यांनी एकच ओळ लिहिली :
मला तपासायला काहीही दाखवलं नाही.
आम्ही नोंद घेतली.
म्हणजे, घेण्यात आली.

अरोमोरच आदल्या मंगळवारी खिडकीशी आली होती.
अडुसष्ट गुण होते तिला.
म्हणाली, हे काढून घ्या.
मी म्हटलं, गुण वाढवून मागायचा अर्ज हिरवा, पाच हजार शिलिंग.
कमी करून मागायचा छापलेलाच नाही.
ती म्हणाली, सोमवारपासून मी वॉर्डात आहे.
बाळाचं वजन तीन किलो सहाशे,
बाटलीवर लिहिलंय मोठ्या माणसाचं.
भागायचं कशाने,
ते मला कुणी सांगितलेलं नाही.
तिच्यामागे रांग होती.
मी खिडकी बंद केली. जेवणाची सुट्टी, म्हटलं.
सुट्टीला अजून वीस मिनिटं होती.

तर विषय सात एकमताने मंजूर.
शुक्रवारी पदवीदान, गाऊन भाड्याने आलेले,
मंडपाचे पैसे दिलेले.
दिलेले पैसे परत येत नसतात, कुलगुरू म्हणाले,
आणि लोक हसले, कोट सोडून.

रात्री टाइप करताना दोनदा वीज गेली.
ठराव मंजूर झाला, इथपर्यंत बोटांनीच लिहिलं.
मग अंधारात बसून राहिले,
आणि दिवे आल्यावर कर्ता घातला.
वीस नावं, हुद्द्यांसकट.
यांना ठाऊक होतं की हा विषय कुणीच शिकवलेला नाही.
एकविसाव्या जागी कोट होता.
खिडकी लामुनूने बंद केली.
पान नऊ, परिच्छेद चार.

महिनाभर दारावर कुणी टकटक केली
की पोटात गोळा.
पुढच्या सभेत पहिला विषय, नेहमीचाच :
मागील सभेचे इतिवृत्त वाचले असे समजून
कायम करण्यात आले.
सही, शिक्का, तारीख.
ओलारा या वेळी स्वतः हजर होते,
कोट अंगात घालून, घामाघूम.

आज अरोमोरच पुन्हा आली. निरोप माझाच होता.
साक्षांकित प्रतीचा अर्ज छापलेला आहे, दोन हजार शिलिंग.
मी पावती फाडली.
नववं पान तिने तिथेच उभ्याने वाचलं,
सावकाश, शेवटच्या ओळीवर जरा थांबून.

आणि ते बाळ, मी विचारलं.
रात्रपाळीच्या म्हाताऱ्या सिस्टरने बाटली हातातून ओढून घेतली, म्हणाली,
मग शिकवलं, हातमोज्यांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर.
तो पुठ्ठा तिने खिडकीतून आत सरकवला.
वर वजन, खाली मात्रा, मधे भागाकार.
गणितात मी कधीच बरी नव्हते.
मागची रांग कुरकुरत होती.
मी पेन्सिल घेतली
आणि दोनदा तपासला.